पाना-पक्कड : चार नटांची मस्टँग

मागच्या अंकात मी सहज एका ओळीत लिहून गेलो, की कुणाच्या दारात जुनी अमेरिकन गाडी उभी असेल तर कळवा. मला वाटलं दोन-तीन पत्रं येतील, तीही फियाटची. पण सोलापूरकर ते सोलापूरकर, पत्रं आली, फोटो आले, एकाने तर सायलेन्सरचा आवाज रेकॉर्ड करून पाठवला (मालक, तुमच्या सायलेन्सरला भोक पडलंय, तो व्ही-एटचा, म्हणजे आठ सिलिंडरच्या इंजिनचा, आवाज नव्हे). सगळ्यांना जागा नाही. ज्यातून बाकीच्यांचंही काम भागेल अशी निवडून घेतलीत, आणि पहिल्याला जरा जास्त जागा दिलीय, कारण ते वाचून त्या रात्री मला झोप लागली नाही.

प्रश्न : काका नमस्कार. मी जुळे सोलापूरला राहतो, वय ३४, एमआयडीसीत नोकरी. दिवाळीत हैदराबादहून १९६६ची फोर्ड मस्टँग घेतली, हार्डटॉप (पत्र्याच्या टपाची), ओरिजिनल व्ही-एट आहे असं विकणारा म्हणाला. दहा वर्षं उभी होती. इंजिन हाताने फिरतंय पण चालू नाही. आरसी जुनी आहे, त्याच्यावर ३२७७ सीसी लिहिलंय, ते चुकून पडलं असेल. फोटो पाठवतोय. मला घरीच रिस्टोअर करायचीय, पोर्चमध्ये, यूट्यूबवर सगळं बघितलंय. पहिल्यांदा इंजिन उतरवून पूर्ण काम करून घ्यावं म्हणतो. चेन ब्लॉक भाड्याने मिळालाय, पोर्चच्या स्लॅबला हुक पण आहे. सुरुवात बरोबर आहे ना?

उत्तर : चेन ब्लॉक आजच परत करा, बाकीचं नंतर वाचा.

पोर्चच्या स्लॅबमधला तो हुक पंख्यासाठी नाहीतर पाळण्यासाठी टाकलेला असतो, सेंट्रिंगवाल्याने उरलेल्या सळईचा एक तुकडा वाकवून जाळीत अडकवलेला, आणि फोर्डचं हे व्ही-एट २०० किलोच्या वर भरतं. वर ओढताना इंजिन एकदा तरी हेलकावा खातंच, आणि त्या वेळी खाली नेमकं कोणीतरी "थांब थांब, माउंटिंग अडकलंय" म्हणत हात घालून बसलेलं असतं. चाकांवरची इंजिन क्रेन भाड्याने मिळते, ती आणा, पण तीही आत्ता नको. इंजिन हाताने फिरतंय म्हणताय ना, मग ते अडकलेलं नाही, त्याला काही घाई नाही.

आता फोटो. तिसऱ्या फोटोत तुमचा मुलगा पुढच्या चाकाला टेकून उभा आहे बघा. मी चष्मा पुसून चाकाचे नट मोजले. चार. मोठा करून परत मोजले. चारच.

झालं असं आहे की त्या काळच्या मस्टँगमध्ये फोर्डने सहा सिलिंडरच्या गाडीला चार नटांचं चाक दिलं आणि व्ही-एटला पाच नटांचं. नुसत्या नटांचा फरक नाही तो, व्ही-एटच्या गाडीत पुढचे ब्रेकचे ड्रम १० इंची आणि सहा सिलिंडरला ९ इंची, मागचं डिफरन्शियल वेगळं आणि जड, स्पिंडल वेगळे, स्टीअरिंगचे रॉड वेगळे. आणि ते ३२७७ सीसी काही चुकून पडलेलं नाही. अमेरिकन लोक इंजिन घनइंचात मोजायचे, एक घनइंच म्हणजे १६.३९ सीसी. ३२७७ला १६.३९ने भागा, २०० येतात, आणि २०० घनइंच म्हणजे १९६६च्या मस्टँगचं साधं सरळ सहा सिलिंडरचं इंजिन, १२० हॉर्सपॉवरचं. तुमच्या फोटोत जे बसलंय ते २८९ घनइंचाचं व्ही-एट असेल तर आरसीवर ४७००च्या वर सीसी पाहिजे होते. म्हणजे आरसी लिहिणारा कारकून बरोबर होता, गाडी विकणारा नव्हता.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, गाडीला विचारा. डावीकडचं, म्हणजे ड्रायव्हरचं दार उघडा, दाराच्या मागच्या कडेला पत्र्याची एक छोटी पाटी असते. त्यावर गाडीचा नंबर आहे, त्यातलं पहिलं अक्षर ६ म्हणजे १९६६ साल, दुसरं कारखान्याचं, एफ असेल तर डिअरबॉर्न, आर असेल तर सॅन होजे, टी असेल तर मेटचन, मग ०७ म्हणजे हार्डटॉप, आणि पाचवं अक्षर इंजिनचं. तिथं सी, ए किंवा के असेल तर गाडी २८९ची, आणि टी असेल तर सहा सिलिंडरची. पण दार बदलता येतं, पाटी रिव्हेट मारून बसवता येते, म्हणून तेवढ्यावर थांबायचं नाही. बॉनेट उघडून डाव्या बाजूच्या आतल्या पत्र्यावर, फेंडरच्या कडेला एक खाच असते तिथं, तोच नंबर ठोकलेला असतो. घासू नका, सँडपेपर तर अजिबात नको, रॉकेल लावलेल्या फडक्याने पुसा आणि फोटो काढा. तिन्ही ठिकाणी, पाटी, खाच आणि आरसी, एकच नंबर पाहिजे. इंजिनवर मात्र तो नंबर शोधत बसू नका, १९६८च्या आधी साध्या इंजिनवर फोर्ड तो ठोकतच नव्हती, फक्त के अक्षराच्या गाड्यांवर असायचा. त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या आरसीवर इंजिन नंबरच्या जागी काय लिहिलंय आणि ते इंजिनवर कुठं सापडतं, हे एकदा टॉर्च घेऊन जुळवून बघायचं.

आता तुम्ही म्हणाल, मग काय फसलो का? पैशात थोडे फसलात. गाडी वाईट नाही ती, पण आज ती धोक्याची आहे, कारण २०० हॉर्सपॉवरचं इंजिन १२०च्या ब्रेकवर आणि १२०च्या ॲक्सलवर बसलंय. तुमचा पुतण्या पहिल्याच दिवशी होटगी रोडला नेऊन पाय दाबणार, हे मला इथं बसून दिसतंय.

दोन रस्ते आहेत. एक, व्ही-एट ठेवायचं आणि ॲक्सल, ड्रम, स्पिंडल, रॉड सगळं पाच नटांचं अमेरिकेहून मागवायचं, आणि आरटीओत इंजिन बदल रीतसर चढवून घ्यायचा, कारण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीत जे आहे आणि गाडीत जे आहे ते जुळलंच पाहिजे. दुसरा रस्ता, सहा सिलिंडरचं इंजिन शोधायचं आणि गाडी कागदासारखी करायची. मी दुसरा घेतला असता. लोक हसतील, मस्टँग आणि सहा सिलिंडर म्हणून. हसू देत की वो. ते इंजिन आमच्या जुन्या मिस्त्री लोकांना एका दुपारी समजतं, सगळं समोर दिसतं, दोन्ही बाजूला हात जातो, आणि पेट्रोलही बेताने पितं.

यात अजून एक गोष्ट आहे. जुलै २०२१ला केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे नियम आणले. ५० वर्षांपेक्षा जुनी गाडी, मूळ रूपात असलेली, चेसी, बॉडी आणि इंजिनमध्ये मोठा फेरफार नसलेली, तिला व्हिंटेज म्हणून नोंद मिळते. नवीन नोंदीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंबरात व्हीए ही अक्षरं येतात, आधीचा नंबर असेल तर तो ठेवता येतो. त्या गाडीने रोज नोकरीला जाता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर. आता त्यात "मूळ रूपात" हे दोन शब्द आहेत बघा. एमएच-१३च्या आरटीओ ऑफिसात साहेबांनी नट मोजले नाहीत तरी सीसी वाचणारच. म्हणून पाना हातात घ्यायच्या आधी कागद घेऊन एक चक्कर तिथं मारा, आणि स्टीअरिंग डावीकडे आहे, तर कलम १२० प्रमाणे चालू इंडिकेटर पाहिजेत, तेही विचारून घ्या.

कागद झाले की पत्रा. या गाडीला खाली वेगळी चेसी नसते, पत्र्याचा सांगाडा हीच चेसी, त्यामुळे फ्लोअर गेला म्हणजे नुसता फ्लोअर गेला असं होत नाही. पुढच्या काचेच्या खाली बाहेरून जाळीसारख्या फटी आहेत ना, त्याच्या आत एक पोकळ पेटी आहे, पावसाचं पाणी त्यात पडून दोन्ही बाजूंनी खाली निघून जावं अशी सोय. तिथं कचरा साठतो आणि आतून गंज लागतो, बाहेरून काही दिसत नाही. नळाला पाणी येईल त्या दिवशी एक बादली घ्या, वहिनींना टॉर्च देऊन आत बसवा, आणि त्या फटीत तांब्या-तांब्याने पाणी ओता. आतून "अहो, पायावर पडतंय" असा आवाज आला की समजायचं, पेटी चाळणी झालीय. मग कार्पेट उचला, खालचा पत्रा स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा. बाहेरच्या पत्र्याला फडक्यात गुंडाळलेला लोहचुंबक फिरवा, जिथं तो पकडत नाही तिथं पत्रा नाही, नुसती लांबी, म्हणजे पुट्टी, भरलीय. सोलापूरची कोरडी हवा या कामाला देवासारखी आहे, पण दहा वर्षांपूर्वी ही गाडी कुठल्या समुद्राजवळ उभी होती ते कोणाला माहीत.

फ्लोअर बदलायचा असेल तर १८ किंवा २० गेजचा सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा आणून आपल्याकडचा चांगला फॅब्रिकेटर वाकवून देतो, अमेरिकेहून तयार पत्रा मागवला तर कुरिअरचंच बिल पत्र्याहून जड. पण कापायच्या आधी दोन्ही दारांच्या चौकटीत आडवे पाइप टाचून घ्या. नाही घेतले तर कापल्यावर गाडी मधे खचते आणि मग नवा फ्लोअर बसल्यावर दारं लागत नाहीत. मी हे ऐकून सांगत नाहीये, १९९८ला एका गिऱ्हाइकाच्या गाडीवर मी स्वतः हे केलंय आणि ती दारं शेवटपर्यंत खांद्याने ढकलून लावावी लागायची. वेल्डिंग सीओटूचं करा, एक टाका इथं, एक तिकडं, मधे गार होऊ द्या. गॅसने केलं तर पत्र्याला लाटा येतात.

आणि खाली झोपून काम करणार असाल तर गाडी घोड्यांवर, म्हणजे जॅक-स्टँडवर. विटा नको, सिमेंटचे पोकळ ब्लॉक तर नकोच, ते सांगून फुटत नाहीत. तुमच्या पोर्चला शहाबादी फरशी दिसतेय, घोडीचा पाय तिच्यावर थेट ठेवला की फरशी तडकते आणि घोडी कलते. खाली जाड लाकडाची फळी घाला.

मग ब्रेक. १९६६च्या मस्टँगला मास्टर सिलिंडर एकेरी आहे, म्हणजे चारही चाकांना एकच तेलाची लाइन. एका चाकाचा रबर फुटला की चारही गेले, पेडल सरळ खाली. १९६७पासून फोर्डने दुहेरी बसवायला सुरुवात केली, त्यालाही काही कारण असेल ना. तुम्ही दुहेरीच बसवा, ओरिजिनलवाले नावं ठेवतील, ठेवू देत. जुने ब्रेक शू अ‍ॅस्बेस्टॉसचे असतात, ड्रम उघडल्यावर तोंडाने किंवा हवेच्या पाइपने फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसून फडकं पिशवीत बांधून टाका.

पान्यांचं एक सांगतो, मग इंजिनकडे. या गाडीचे सगळे नट-बोल्ट इंचात आहेत, आपल्याकडे गॅरेजमध्ये असतो तो एमएमचा सेट. १९चा पाना पाऊण इंचाला चालून जातो, ११चा ७/१६ला चालतो, पण अर्ध्या इंचाला १३चा ढिला बसतो आणि ९/१६ला १४चा बसतच नाही. आमच्या गावात अजून एक भानगड आहे, गिरण्या बंद पडल्या तेव्हा फिटर लोकांचे इंची पाने जुन्या बाजारात आले, भारी पोलादाचे, किलोवर मिळायचे. ते बघून खूश होऊ नका. ते इंग्लंडच्या व्हिटवर्थ मापाचे, त्यावरचा आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, नटाच्या तोंडाचा नाही. पाव इंच लिहिलेला व्हिटवर्थ पाना तुमच्या अर्ध्या इंचाच्या नटावर जातो, थोडा हलतो, आणि जोर लावला की नटाचे कोपरे खाऊन टाकतो. अमेरिकन इंची सेट ऑनलाइन सहज मिळतो. घ्या.

काढलेला प्रत्येक बोल्ट पिशवीत, पिशवीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर नुसतं "बोल्ट ४" नको, "डावं फेंडर, वरून दुसरा, वॉशर दोन" असं लिहायचं. आत्ता हसाल. दोन वर्षांनी जुळवायला बसाल तेव्हा माझी आठवण येईल.

इंजिन सगळ्यात शेवटी. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन चमचे तेल सोडा, दोन दिवस तसंच ठेवा, प्लग न लावताच हाताने फिरवा. टाकीतलं जुनं पेट्रोल वास घेऊनच कळेल, वार्निशसारखा वास येतो. या मस्टँगमध्ये टाकीचा वरचा पत्रा हाच डिकीचा तळ आहे, साधारण ६० लिटरची टाकी, त्यामुळे डिकीत वेल्डिंग करायचं असेल तर टाकी आधी खाली उतरवून गेटाबाहेर नेऊन ठेवायची. पहिल्यांदा चालू करताना टाकी जोडूच नका, बाटलीतून पेट्रोल द्या. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, २८९ची १-५-४-२-६-३-७-८. यूट्यूबवर नंतरच्या फोर्डची १-३-७-२-६-५-४-८ दाखवतात, ती लावली तर कार्बोरेटरमधून भडका येईल आणि भुवया जातील.

कॅमशाफ्ट नवीन टाकला तरच एक काळजी, या इंजिनचे टॅपेट सपाट असतात, पहिली २०-३० मिनिटं इंजिन २०००च्या वर ठेवायचं, आयडलवर सोडायचं नाही, आणि ऑइल जस्त जास्त असलेलं. आजकालच्या पातळ ऑइलमध्ये ते कमी केलंय, २०डब्ल्यू-५० जाडीच्या ऑइलमध्ये बघा.

प्रश्न : माझ्याकडे १९७८ची पद्मिनी आहे. आता पंपावर सगळं ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल. एकजण म्हणाला जुन्या गाडीत शिशाचं लिक्विड टाकल्याशिवाय व्हॉल्व्ह जळतील, दुसरा म्हणाला इथेनॉलने टाकी सडेल. कोणाचं ऐकू? (बाळे)

उत्तर : पहिल्याचं ऐकू नका, दुसऱ्याचं अर्धं ऐका. शिशाचं पेट्रोल आपल्याकडे २०००च्या फेब्रुवारीपासून बंद आहे. म्हणजे तुमची पद्मिनी तेव्हापासून बिनशिशाचंच पितेय, व्हॉल्व्ह जळायचे असते तर एव्हाना जळले असते. शिवाय तिचं सिलिंडर हेड अ‍ॅल्युमिनियमचं, व्हॉल्व्हच्या सीट वेगळ्या बसवलेल्या. हा प्रश्न खरा होता तो जुन्या अमेरिकन गाड्यांना, ज्यांच्या बिडाच्या हेडमध्ये सीट तिथंच कोरलेली असते, आणि तोही तासन्‌तास भरधाव चालवलं तर. त्यांचं हेड उघडलंच तर कडक सीट घालून घ्यायच्या, विषय संपला.

इथेनॉलचं मात्र खरं आहे. जुने रबरी पाइप, पंपाचा पडदा, बुचाचे गास्केट, हे सगळं त्याने फुगतं नाहीतर मऊ पडतं. वर ते टाकीतला वर्षानुवर्षांचा मळ सोडवतं आणि तो सगळा कार्बोरेटरात येतो, लोक म्हणतात पेट्रोल खराब, पेट्रोल नाही हो, टाकी. इंजेक्शनच्या गाडीचा चांगल्या प्रतीचा पाइप घ्या, टाकीजवळ पारदर्शक फिल्टर लावा, पडदा नवीन. गाडी थोडी अडखळायला लागली तर कार्बोरेटरात एक नंबर मोठा जेट (पेट्रोल सोडणारं भोक) टाकून बघा, कारण ई-२०ने मिश्रण पातळ होतं. आणि महिनोन्‌महिने उभी ठेवायची असेल तर टाकी भरून ठेवू नका, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. ऑक्टेनची, म्हणजे इंजिन ठोकण्याची, काळजी उलट कमी झालीय.

आमच्या उन्हात अजून एक होतं, एप्रिल-मेमध्ये दुपारी गाडी बंद करून चहा प्यायला थांबलात की परत चालूच होत नाही. पाइपमध्ये पेट्रोलची वाफ होते, पंप नुसती वाफ ओढत बसतो. पूर्वीचे ड्रायव्हर पंपावर ओलं फडकं टाकायचे, ते बरोबरच होतं. पण आधी पाइप सायलेन्सरच्या किती जवळून गेलाय ते बघा.

प्रश्न : आजोबांची डॉज किंग्जवे आहे, १९५४ची. चालते, पण तुळजापूरच्या घाटात दर वेळी उकळते. रेडिएटर दोनदा साफ केला, थर्मोस्टॅट मिस्त्रीने काढूनच टाकला. आणि आता टायर बदलताना डाव्या बाजूचे दोन बोल्ट तुटले. नवीन मिळतील का? (अक्कलकोट रोड)

उत्तर : बोल्ट तुटले नाहीत, तोडले. क्रायस्लरच्या गाड्यांना, डॉज, प्लायमाउथ, डिसोटो सगळ्यांना, डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात. उजवीकडचे नेहमीसारखे उघडतात, डावीकडचे घड्याळाच्या दिशेने. तुमच्या माणसाने उघडतोय समजून पाइप लावून लावून आवळले. उरलेल्या बोल्टच्या डोक्यावर एल अक्षर दिसतंय का बघा. नवीन लेथवर करून मिळतात, पण कडक पोलादाचे पाहिजेत, आणि टर्नरला "उलटा आटा" हे तीनदा सांगा, लिहूनही द्या.

उकळण्याचं कारण रेडिएटर नसावंच. या सहा सिलिंडरच्या इंजिनमध्ये ब्लॉकच्या आत, वॉटर पंपाच्या मागून सुरू होऊन शेवटच्या सिलिंडरपर्यंत एक लांब चपटी पत्र्याची नळी असते, तिला भोकं असतात, त्यातून प्रत्येक व्हॉल्व्हच्या जवळ गार पाणी पोचतं. ती सडते. सडली की सगळं पाणी पुढच्या दोन सिलिंडरपाशीच फिरतं आणि मागचे दोन भाजून निघतात, रेडिएटर कितीही साफ करा. बाहेरून ती दिसत नाही त्यामुळे निम्म्या मिस्त्रींना ती आहे हेच माहीत नसतं. रेडिएटर आणि वॉटर पंप काढला की तोंड दिसतं, आकडा घालून हळूहळू ओढायची, तुकडे-तुकडे होऊन येईल, एकही तुकडा फेकू नका, भोकांची मापं त्यावरूनच घ्यायचीत. पितळी पत्र्याची करून घ्या, ती सडत नाही. त्याच वेळी ब्लॉकच्या बाजूचे पाण्याचे प्लग काढून मागच्या बाजूला साठलेला गाळ खरवडा. पांढरा दगडासारखा निघाला तर आश्चर्य नको, वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलंय आपण. ज्या पाण्याने बादलीला पांढरी किनार येते ते इंजिनात काय करत असेल. आता डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट, दुसरं काही नाही. आणि तो थर्मोस्टॅट परत बसवा, काढला म्हणून गाडी गार राहते हे सगळ्या गॅरेजांत ऐकायला मिळतं, पण त्याने मूळ दुखणं नुसतं झाकलं जातं.

एक लक्षात असू द्या, १९५५पर्यंतच्या या गाड्या ६ व्होल्टच्या आणि अर्थिंग पॉझिटिव्हचं, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक बॉडीला. बॅटरी नेहमीसारखी लावू नका.

आणि तुमची ही गाडी एका अर्थाने गावचीच हो. डॉज आणि प्लायमाउथ कुर्ल्याला जुळवणारी प्रीमिअर ऑटोमोबाइल्स काढली वालचंद हिराचंद यांनी, आणि वालचंद जन्मले १८८२ला सोलापुरातच. आपण अशोक चौकाकडे जाताना कॉलेजच्या पाटीवर ते नाव वाचतो, पण तुमच्या पोर्चमध्ये त्याचा पत्रा उभा आहे.

प्रश्न : मस्टँग ही मसल कार नव्हेच असं मित्र म्हणतो. पैज लागलीय. (सात रस्ता)

उत्तर : मित्राला चहा पाजा. मसल कार म्हणजे मधल्या आकाराच्या दोन दारी गाडीत थोराड गाडीचं इंजिन कोंबलेलं, साधारणपणे १९६४च्या पॉन्टिॲक जीटीओपासून धरतात. त्यात ३८९ घनइंच होते, आणि जनरल मोटर्सचा स्वतःचाच नियम होता की त्या आकारात ३३०च्या वर जायचं नाही, म्हणून पॉन्टिॲकवाल्यांनी ते इंजिन "ऑप्शन" म्हणून विकलं. मस्टँग त्याच वर्षी १७ एप्रिलला आली, ती आकाराने छोटी, तिच्या जातीला पोनी कार म्हणतात. नंतर तिलाही ३९० आणि ४२८ बसवले, तेव्हा तुम्ही अर्धा चहा परत मागू शकता.

प्रश्न : उन्हाळी सुट्टीत घरीच अंगणात गाडीला पीयू (पॉलियुरेथेन) पेंट मारू का? कॉम्प्रेसर आहे, तोंडाला रुमाल बांधीन. (विजापूर रोड)

उत्तर : नको. रुमालाने काही होत नाही, टू-के, म्हणजे दोन घटक मिसळून मारायच्या, पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, फुप्फुस एकदा धरलं की आयुष्यभराचा दमा. बाहेरून हवा देणारा मास्क लागतो. आणि मे महिन्यात आपल्याकडे दुपारचा वारा सुटला की पेंटवर रस्ता बसतो. जुना रंग घासतानाही कोरडा घासू नका, त्या काळच्या रंगात शिसं असायचं, पाणी लावून घासा. प्रायमरपर्यंत घरी करा, शेवटचा रंग दिवाळी ते जानेवारीतल्या गड्डा यात्रेच्या दरम्यान एखाद्या बंद बूथमध्ये.

प्रश्न : मी जुळे सोलापूरच्या त्या मस्टँगवाल्यांची बायको. त्यांनी तुम्हाला पत्र लिहिलंय ते मला माहीत आहे. माझी अ‍ॅक्टिव्हा चार महिने उन्हात आहे, सीट फाटली. माझ्या लोणच्याच्या दोन आणि शेंगा चटणीच्या तीन बरण्या गायब आहेत, सगळ्यांत बोल्ट. किती दिवस चालणार हे, खरं सांगा.

उत्तर : वहिनी, खरं सांगायचं तर दिवस नाही, वर्षं. रविवारी-रविवारी काम करणारा माणूस, पत्रा निम्मा जरी चांगला असला तरी दोन वर्षं धरा, ॲक्सल अमेरिकेहून यायचा असेल तर तीन. "दिवाळीला बाहेर काढतो" असं ते म्हणतील, कुठल्या दिवाळीला ते विचारायचं.

अ‍ॅक्टिव्हाची सोय होऊ शकते. मस्टँग साडेचार मीटरच्या थोडी वर लांब आहे, तुमचा पोर्च फोटोत त्याहून खोल दिसतोय. गाडीचं नाक भिंतीला लावलंय म्हणून मागे जागा उरत नाही, ती उलटी करून डिकी भिंतीकडे लावायला सांगा, पुढून उघडून काम करायलाही त्यांना बरं पडेल आणि गेटाच्या बाजूला तुमची गाडी आडवी मावेल. मात्र घोड्यांवर चढवायच्या आधी करायला सांगा, चढली की दोन वर्षं हलणार नाही.

बरण्यांचं म्हणाल तर पिशव्या वापरा असं वर लिहिलंय, तेवढं पान त्यांच्यासमोर उघडून ठेवा. तोवर बरणी रिकामी करायची वेळ आलीच तर आधी आतली चिठ्ठी वाचा. "पुढचे ब्रेक" लिहिलेली असेल तर तेवढी एक राहू द्या.